मागे जागा अडीच

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर त्याहून वाईट. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे चौथीत बाईंनी शिकवलं होतं. चौथीनंतर शाळा सुटली आणि ते शिकणं तिथंच राहिलं. ही वही कोणाच्या हाती पडावी म्हणून लिहीत नाही. मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिची शाळा इंग्रजी आणि मैत्रिणी तमिळ. मुलीचे वडील, म्हणजे हे, मराठी वाचतात, पण माझ्या डब्यांच्या हिशेबाच्या वहीला कधी हात लावत नाहीत. तरीही कोणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात.

आमचं दुकान चेन्नईत अंबत्तूरला आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आणि शेडच्या मागे एक खोली, त्यात आम्ही. आमच्या सांगलीकडची माणसं गलाईच्या धंद्यात पार कुठं कुठं पांगलेली आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं ते काम. हेही अठराव्या वर्षी एका नातेवाइकाच्या गलाईच्या दुकानात म्हणूनच चेन्नईला आले. पण भट्टीपाशी बसून दुसऱ्याचं सोनं वितळवण्यात यांचं मन रमलं नाही. हे वेल्डिंग शिकले. पुढं शेड भाड्यानं घेतली, गावाहून धाकट्या भावाला बोलावून घेतलं. ट्रकच्या शिड्या, टपावरचे कॅरियर, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड अशी कामं यायची. मग शूटिंगवाल्यांच्या कॅराव्हॅनची कामं यायला लागली. त्या गाड्यांच्या मागे जनरेटर ठेवायला लोखंडी पाट करून द्यायचा. ते काम यांच्या हाताला असं बसलं की लोक विचारत यायचे.

लग्न होऊन मी इथं आले तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. मुळात मी मराठीतही कमीच बोलते. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी आत निघून जाते. पण यांचा उजवा कान ग्राइंडरच्या आवाजानं अधू झालेला. फोनवर नीट ऐकू यायचं नाही, म्हणून दुपारी मी डबा घेऊन शेडमध्ये यायचे आणि फोनपाशी बसायचे. कोणी काही सांगितलं की वहीत लिहून ठेवायचं. मला येऊन आठ महिने झाले होते.

त्या सुमाराला अड्यारहून एक काका-काकू आले. मराठी माणसं, काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, तीस-पस्तीस वर्षं चेन्नईत. त्यांनी एक जुनी मिनीबस विकत घेऊन तिचं घर करायला दिलं होतं. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. काका तिला मोटारहोम म्हणायचे, काकू घरगाडी म्हणायच्या. आतलं काम एक तमिळ फोरमन करत होता. काकांना आमच्याकडून मागच्या बाजूला कॅरियर करून हवा होता. त्यावर स्कूटर, छोटा जनरेटर आणि पाण्याचे दोन कॅन. म्हणजे गाडी एका गावात लावून ठेवायची आणि स्कूटरवर गाव बघायचं.

हे लगेच हो म्हणाले नाहीत. गाडीभोवती फिरले, खाली आडवे होऊन चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, बघितली.

"मागच्या चाकाच्या मागे गाडी आधीच पुष्कळ लांब आहे, काका," हे म्हणाले. "त्याच्याही मागे वजन लटकवायचं म्हणजे जपून करायला पाहिजे."

"मिस्त्री, स्कूटर ती केवढीशी. सगळं धरून दोनशे किलो होईल. बसमध्ये तीस माणसं बसायची, तेव्हा काही झालं नाही."

"ती माणसं चाकांच्या मधे बसायची."

काकांना ते पटलं नाही. मग यांनी मला हाक मारली. "अगं, घागर आण. अर्धी भर."

इथं रंगीत प्लास्टिकच्या घागरी असतात, त्यांना कुडम म्हणतात. मी हिरवी घेऊन आले. यांनी मला ती कमरेवर घ्यायला सांगितली. घेतली. "जड आहे?" मी मान हलवून नाही म्हटलं. "आता हात लांब कर आणि हातावर धर." मी हात लांब केला. घागर तीच, पाणी तेवढंच, पण माझा खांदा खाली गेला, अंग पुढं झुकलं आणि पायाच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. पाणी पदरावर सांडलं.

"बघितलंत?" हे म्हणाले. "वजन पुढं गेलं तशा टाचा उचलल्या तिच्या. वजन मागे गेलं की गाडीची पुढची चाकं अशीच उचलतात. उचललेली दिसत नाहीत, पण हलकी होतात. मग स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी ऐकत नाही."

"पुरे हो, तिचा हात निखळेल," काकू म्हणाल्या. "बायकोला काय नमुना म्हणून ठेवलंय दुकानात?"

"दादाचा वजनकाटा आहे तो," माझे दीर म्हणाले. "चालता-बोलता. फक्त बोलत नाही."

सगळे हसले. मी ओला पदर घेऊन आत गेले. लाज वाटली, पण कळलं मात्र पक्कं. वजन किती आहे यापेक्षा ते अंगापासून किती लांब आहे, त्यावर सगळं. हे माझ्या हाताला कळलं होतं. पुढं जे झालं त्यात मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, म्हणून हे आधी लिहिते.

यांची काम करायची पद्धत ठरलेली होती. कॅरियर बंपरला कधी जोडायचा नाही, दोन लांब पट्ट्या आत नेऊन चासीला बोल्टनं आवळायच्या. सगळ्यात जड वस्तू गाडीच्या पाठीला चिकटून आणि खाली. पाण्याचे कॅन मागे नेताना रिकामे, भरायचे ते मुक्कामाला पोचल्यावर. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकायची नाही. आणि सगळं चढवल्यावर गाडी वजनकाट्यावर न्यायची. आमच्या रस्त्याच्या तोंडाला ट्रकांचा काटा आहे. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची, मग पूर्ण गाडी. रिकामी असताना एकदा, भरल्यावर एकदा. पुढच्या चाकांवरचं वजन फार उतरलं असेल तर सामान हलवायचं, नाहीतर काही वस्तू घरी ठेवायची. काट्याची चिठ्ठी हातात आल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

आता माप. गाडीच्या पाठीला एक झडप होती, ती बाहेरच्या बाजूला उघडायची. ती उघडता यावी एवढी जागा सोडून स्कूटर ठेवायची होती. किती जागा लागेल ते फोरमन फोन करून सांगणार होता.

फोन दुपारी आला. दीर पाइप कापत होते, शेडभर आवाज. मी एका कानावर हात ठेवून ऐकत होते. फोरमन भराभर बोलला. मला ऐकू आलं ते असं: "अक्का, एळुदिक्कोंग," म्हणजे लिहून घ्या, एवढं मला कळायचं. पुढं पिन्नाडि, ग्याप, मग काहीतरी, मग ब्लॅक, पेंट, मग अडीच, मग कुडुंग. पिन्नाडि म्हणजे मागे, हे यांच्या तोंडून रोज ऐकलेलं. ग्याप म्हणजे जागा. आणि अडीच. तो म्हणाला ते पुन्हा एकदा म्हणाला, आणि पुन्हा मला अडीच ऐकू आलं. त्या सगळ्या परक्या बोलण्यात एक शब्द माझा सापडला याचा मला आनंदच झाला. मी वहीत लिहिलं, "मागे जागा अडीच. रंग काळा."

त्यानं सांगितलं होतं ते वेगळं. तमिळमध्ये फुटाला अडि म्हणतात. तो म्हणाला होता, ओरु अडि, एक फूट. आणि पुढं म्हणाला होता, ब्लॅक पेंट अडिच्चु कुडुंग, म्हणजे काळा रंग मारून द्या. इथं रंग मारण्यालाही अडिच्चु म्हणतात. त्याच्या अडिच्चुचं मी अडीच केलं. ओरु अडि ग्राइंडरच्या आवाजात गेलं. अडीच इंच म्हणजे काहीच नाही, म्हणून ते अडीच फूटच असणार, हेही मीच ठरवलं.

संध्याकाळी यांनी वही बघितली. "अडीच फूट? कशाला एवढी लांब? झडप आहे का दरवाजा आहे?"

मी पुन्हा वहीत बघितलं.

"नीट ऐकलंस ना?"

"अडीचच म्हणाला. दोनदा म्हणाला."

"परत विचार त्याला. मला उद्या गावी जायचंय, त्याच्याआधी सांग."

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, हे चार दिवस गावी जाणार होते. मी फोन हातात घेतला. नंबर काढला. तमिळमध्ये "किती" कसं विचारायचं ते मनात म्हणून बघितलं. तो पलीकडून भराभर बोलेल, मला कळणार नाही, तो हसेल, असं वाटलं. मी फोन खाली ठेवला. तसाच पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. सकाळी यांनी पिशवी उचलताना विचारलं, "विचारलंस?"

मी म्हटलं, "विचारलं."

एवढंच खोटं मी बोलले. एका शब्दाचं.

हे भावाला म्हणाले, "अडीच म्हणतोय तर कर. पण गाडी काट्यावर घातल्याशिवाय सोडू नको. पुढची चाकं हलकी आली तर स्कूटर चढवायचीच नाही, मी आल्यावर बघू."

दिरांनी काम केलं. काम चांगलं केलं, ते मी नाकारत नाही. जाड पट्ट्या, पक्के जोड. चौथ्या दिवशी सकाळी काका-काकू सामान भरूनच आले, त्यांना तिथूनच पाँडिचेरीला निघायचं होतं. स्कूटर चढवली तेव्हा मी शेडच्या दारात उभी होते. गाडीची पाठ आणि स्कूटर यांच्यामध्ये एवढी जागा होती की मी कमरेवर घागर घेऊन मधून गेले असते. मला ते बरोबर दिसलं नाही. काहीतरी म्हणावं असं वाटलं. दीर दोर आवळत होते, काका घड्याळ बघत होते. मी आत जाऊन भात चढवला. थोड्या वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती गेली. काट्यावर गेली असेल असं मी धरलं.

महाबलीपुरमच्या अलीकडे एक गतिरोधक होता. काकांनी नंतर सांगितलं, शहर सोडल्यापासूनच स्टिअरिंग हलकं लागत होतं, त्यांना वाटलं नवीन तेल घातलंय म्हणून. गतिरोधकावरून पुढची चाकं उतरली, मागची चढली, कॅरियर खाली आपटला, आणि त्या हिसक्यानं गाडीचं तोंड एका बाजूला गेलं. काकांनी ब्रेक दाबला. गाडी रस्ता सोडून सुरूच्या झाडांत वाळूत जाऊन रुतली. आमच्या पट्ट्या तुटल्या नाहीत. गाडीचीच चासी मागून फाटली आणि कॅरियर, स्कूटर, जनरेटर सगळं घेऊन खाली आली. कॅन भरलेले होते. मागून कोणी येत नव्हतं, हे नशीब. काकूंचं डावं मनगट मोडलं.

हे गावाहून आले ते थेट शेडमध्ये. फोरमन आला होता, दीर होते. वही फळीवर होती.

"हे बघ," दीर म्हणाले. "वहिनीनं अडीच लिहिलं, मी अडीच केलं. माझा हात साफ आहे."

फोरमननं वही बघितली, त्याला वाचता येईना. यांनी वाचून दाखवलं. त्यानं तो शब्द स्वतःशी म्हणून बघितला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हातानं ब्रश फिरवल्यासारखं करून दाखवलं. "अडिच्चु," तो म्हणाला. "पेंट अडिच्चु."

दिरांना हसू आवरेना. एवढं सगळं झालेलं, काकू दवाखान्यात, आणि दीर हसतायत. "रंग मारायचं अडीच. वाह वहिनी. उद्या तो म्हणेल पाव किलो, तुम्ही पावडर आणाल."

हे हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू परत विचारलं होतंस ना?"

मी खाली बघितलं. यांनी पुढं काही विचारलं नाही. गाडी काट्यावर गेलीच नव्हती हे आता उघड होतं, पण काट्याचं नावही काढलं नाही. मला तेव्हा ते यांचं मोठेपण वाटलं.

काकांनी खर्चाचा आकडा सांगितला. चासी, स्कूटर, दवाखाना मिळून एक लाख वीस हजार. काका भांडले नाहीत. "मी पोलिसांत जाणार नाही, आपली माणसं आहात," एवढं म्हणाले. दीर म्हणाले, माझा वाटा त्यात नाही, आणि दोन महिन्यांत वेगळे झाले. त्यांनी पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं. जाताना नवीन वेल्डिंग मशीनही घेऊन गेले, ते त्यांच्या नावावर होतं.

हे मला म्हणाले, "हे पैसे तुझे. मी दुकान सांभाळतो, तू ते फेड."

घरात माझं नाव अडीच पडलं. गणपतीला चार मराठी घरं जमायची तिथं दीर सांगायचे, वहिनी आमच्या अडीच. ज्याला गोष्ट ठाऊक नसेल त्याला पहिल्यापासून सांगायचे, ब्रशचा हात करून दाखवायचे. गोष्ट सांगण्यासारखीच होती, मीही दुसऱ्या कोणाची ऐकली असती तर हसले असते. कोणी म्हणायचं, चौथीच्या माणसाला फोनवर बसवायचंच कशाला. माझ्यासमोर म्हणायचं, मी फडताळ असल्यासारखं. आणि गोष्टीत काटा कधी यायचा नाही. मी दरवेळी वाट बघायचे, आज तरी सांगतील की काट्यावर घातलं असतं तर तिथंच चूक कळली असती. पंधरा मिनिटांचं काम होतं. दीर ते सांगायचे नाहीत, आणि मी तोंड उघडायचे नाही, कारण मी उघडलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तू परत विचारलंस का. त्या एका खोट्यानं माझं तोंड शिवलं होतं.

मी डबे सुरू केले. शेजारच्या आवडी गावात संरक्षण खात्याचा कारखाना आहे, तिथं आपल्याकडची मुलं नोकरीला येतात. एकटी राहतात, भात खाऊन कंटाळतात. दोन मुलांपासून सुरुवात झाली, मग सोळा झाली. पहाटे चारला कणीक. महिन्याला तीन हजार काकांना द्यायचे असं ठरलं, कधी दोनच जमायचे. कोरोनाच्या काळात मुलं घरी गेली, डबे बंद पडले, आणि पुष्कळ महिने काहीच देता आलं नाही. मधे मुलगी झाली. काकांनी तेव्हा तगादा लावला नाही, खरं ते लिहायला पाहिजे. पण सोडलंही नाही. डबे पुन्हा सुरू झाल्यावर महिनाभरातच त्यांचा यांना फोन आला, "कळलं, वहिनींचं काम परत सुरू झालं म्हणून."

फोनवरून पैसे पाठवा, असं काका म्हणायचे. पण फोन यांचा, बँकेचं खातं यांचं. मी दर महिन्याला नोटा घेऊन जायचे. अंबत्तूरहून लोकलनं सेंट्रल स्टेशन, तिथून बस, अड्यारला उतरून दहा मिनिटं चालत. यायला-जायला पाच तास. दारात चपला काढायच्या, काका म्हणायचे, "ठेवा तिथं." काकू पाण्याचा पेला आणून द्यायच्या, उजव्या हातानं. डावा हात त्या पदराखाली ठेवायच्या. मनगट वाकडं जुळलं होतं. मला तिकडं बघवायचं नाही आणि बघितल्यावाचून राहवायचंही नाही. इतकी वर्षं मी त्या घरात उभीच राहिले. बसा, असं कोणी म्हटलं नाही. मीही बसायला जागा शोधली नाही. घरगाडी दुरुस्त होऊन केव्हाच विकली गेली होती. चांगल्या किमतीला गेली, असं काका एकदा कोणाला तरी फोनवर सांगत होते, मी पाणी पीत असताना.

यंदा उन्हाळ्यात, शेवटचे दोन हप्ते राहिले असताना, मी गेले तेव्हा काका पूजेला बसलेले होते. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, आत ये. कणीक मळून देशील का एवढी? कामवाली आली नाही, आणि माझ्या या हाताला जोर नाही."

मी हात धुऊन कणीक मळायला बसले. पहिल्यांदाच त्या घरात बसले. काकू शेजारी स्टुलावर बसून बघत होत्या.

"सुरेख मळतेस. डबे किती आता?"

"अठरा."

"मग फेडशील लवकर." मग जरा वेळानं म्हणाल्या, "मला कधीकधी वाटतं, त्या दिवशी ऐकलं असतं यांनी तर बरं झालं असतं. तुझा दीर म्हणत होता, काट्यावर घालून मग जा. मीही म्हटलं, पंधरा मिनिटांनी काय होतंय. पण हे ऐकतात? राहुकाळ साडेदहाला लागत होता. त्याच्याआधी अंबत्तूरची हद्द सोडायची म्हणून घाई."

माझे हात थांबले. "दीर म्हणाले होते?"

"दोनदा म्हणाला. हे म्हणाले, तुझ्या दादाला सांग, घातली होती काट्यावर म्हणून. त्यानंही मग सोडून दिलं. गिऱ्हाइकापुढं काय करणार बिचारा." त्या अगदी सहज बोलत होत्या. मला हे ठाऊकच असणार असं त्या धरून चालल्या होत्या. "नोकरीत होते तोवर राहुकाळ वगैरे काही मानायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर इथल्यांचं बघून सुरू केलं सगळं."

मी कणीक पूर्ण मळली. तेलाचा हात लावून झाकून ठेवली. बाहेर पैसे ठेवले आणि आले.

दुसऱ्या दिवशी हे जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं. काकांनीच काटा नको म्हटलं होतं. भावजींनी तुमच्यापासून लपवलं. मी एकटीनं भरले पैसे.

हे खाता खाता म्हणाले, "लपवलं नाही. त्यानं मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"काकांना काय तोंडानं म्हणणार होतो? दुकानाची पद्धत आमची. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी गाडी सोडायची नव्हती. भावानं सोडली. ते बाहेर कळलं असतं तर उद्या कोणी काम दिलं असतं? तू चुकीचं ऐकलंस, हे लोकांना पटतं. त्यात दुकान जात नाही."

मी उभीच होते. यांनी ताटातला भात एका बाजूला केला.

"आणि तू परत विचारलं नव्हतंस. फोनमध्ये दिसतं, कुठं कुठं फोन गेला ते. मी गावी जाताना गाडीत बसल्या बसल्या बघितलं होतं. तुझा फोन गेलाच नव्हता."

म्हणजे गाडी मोडायच्या आधीच यांना कळलं होतं. चार दिवस आधी. एक फोन फोरमनला यांनी केला असता तर सगळं टळलं असतं. मी तसं म्हटलं. आयुष्यात यांना उलटून एवढं एकच बोलले असेन.

हे म्हणाले, "काटा आहे ना, असं मला वाटलं."

मग हात धुवायला उठले. माझ्यावर रागावून उठले की स्वतःवर, ते मला कळलं नाही. त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. आता यांच्याकडून एकही गाडी चिठ्ठीवाचून जात नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, चिठ्ठी बघतात, पुढच्या चाकांचा आकडा बोटानं दाखवतात, मगच किल्ली देतात. बाहेर लोक यांचं कौतुक करतात की माणूस किती काटेकोर आहे. मी ऐकते.

शेवटचा हप्ता चार हजारांचा होता. देऊ नये असं माझ्या मनात आलं, एकदा नाही, महिनाभर रोज आलं. काकांना सांगावं, तुमच्या राहुकाळाचे पैसे तुम्ही भरा. कोण मला काय करणार होतं? पण मग ते चार हजार माझ्या नावावर राहिले असते आणि गणपतीत दिरांनी गोष्टीला नवीन शेपूट जोडलं असतं, अडीचनं पैसे बुडवले. ते मला नको होतं. मला त्या घराशी काही बाकी ठेवायची नव्हती.

गेल्या शुक्रवारी गेले. काका बाहेरच बसलेले होते. मी नोटा टीपॉयवर ठेवल्या. आज शेवटचे, असं म्हटलं.

काका चष्मा लावून बघायला लागले. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी काट्यावर घालू नका असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

ते थांबले. आत काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

"कोण म्हणालं?"

काकूंचं नाव मला घ्यायचं नव्हतं.

"झालं ते झालं, वहिनी," काका म्हणाले. "इतक्या वर्षांनी आता काय उकरायचं. तुमचंही माप चुकलं, आमचीही घाई झाली." मग त्यांनी वरच्या दोन नोटा उचलल्या आणि माझ्यापुढं धरल्या. "हे हजार राहू द्या. मुलीला काहीतरी घ्या. एवढं केलंत तुम्ही."

त्यांचा हात तसाच पुढं राहिला. पाचशेच्या दोन नोटा. मुलीच्या शाळेचे बूट घ्यायचे होते, तेवढ्यात दोन जोड आले असते. मी हात पुढं केला नाही. हजार रुपये घेतले असते तर ते सोडून देणारे झाले असते आणि मी सूट मिळालेली.

"मोजून घ्या," मी म्हटलं. "पूर्ण आहेत का बघा."

काकांनी नोटा परत त्या गठ्ठ्यात ठेवल्या आणि मोजल्या. हळू मोजल्या. आठ नोटा होत्या.

"पूर्ण आहेत," ते म्हणाले.

काकू पेला घेऊन दारात आल्या होत्या. मी पाणी प्यायले नाही. चपला घातल्या आणि जिना उतरले. एक लाख वीस हजार संपूर्ण फिटले.